भोपळ्याच्या शेतावर पहिल्यांदा जाताना

आमचं अमेरिकेतलं पहिलंच वर्ष. इथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, भुतांची सोंगं आणि भोपळे कोरून केलेले दिवे यांचा सण, आणि त्याआधी कुटुंबंच्या कुटुंबं भोपळा आणायला शेतावर जातात. ऑक्टोबरचा तिसरा रविवार, दुपारचे दोन. गाडीत चार वर्षांची लेक, आठवड्यापूर्वी पुण्याहून आलेले सासू-सासरे, आणि समोर शेताच्या फाट्यापासून मागे आलेली गाड्यांची रांग. पाऊण तासाने गवतात गाडी लावायला जागा मिळाली, तोवर लेक झोपली होती. सासूबाईंनी खास या दिवसासाठी घेतलेले पांढरे बूट पहिल्याच पावलाला चिखलात गेले. ट्रॅक्टरच्या फेरीची रांग बघून सासरे म्हणाले, "एवढा वेळ तर पंढरपुरात दर्शनाला लागतो."

चूक आमचीच होती. आम्ही बागेत जावं तसे गेलो होतो आणि ते होतं शेत. तिथे पाऊस पडला की चिखल होतो, ऊन उतरलं की थंडी वाजते आणि कापणीचा हंगाम असला की सगळा गाव लोटतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. आता दर सप्टेंबरला नव्याने आलेल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहून ठेवते. माझा अनुभव मध्य न्यू जर्सीचा आहे. एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक या मराठी वस्तीच्या गावांतून अशी शेतं फार लांब नाहीत. साउथ ब्रन्सविकमध्येच वॉन थुन आहे, प्रिन्स्टनजवळ टेरह्यून ऑर्चर्ड्स, आणि डोंगराकडे चेस्टरला अल्स्टीड. तुम्ही इलिनॉय किंवा कॅलिफोर्नियात असाल तर हवामान बदलेल, बाकी बरंचसं हेच.

दिवसाचं शेत की रात्रीचं?

हे सगळ्यात आधी बघा, कारण इथे फसलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत. एकाच शेताचे दोन चेहरे असू शकतात. दिवसा भोपळे, बकऱ्या, ट्रॅक्टर, गालावर रंगवलेलं फुलपाखरू. अंधार पडला की त्याच रस्त्यावर घाबरवायला मक्यातून करवत घेऊन अंगावर धावून येणारी, भुतांची सोंगं घेतलेली माणसं. दुसऱ्या प्रकाराचं तिकीट वेगळं असतं, आणि तो मोठ्या मुलांसाठी असतो. तिकीट काढताना नावात 'हाँटेड' किंवा 'नाइट' असलं तर थांबा आणि खालचं बारीक वाचा. लहान मुलं असतील तर 'फॅमिली' किंवा 'फॉल फेस्टिव्हल' असं लिहिलेलं दिवसाचं तिकीट घ्या. तिथे भुतं असलीच तर चादर पांघरलेली, हसरी असतात.

तारीख आणि वेळ

हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्यातले ऑक्टोबरच्या मध्यातले दोन शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी शक्यतो टाळा. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा किंवा ऑक्टोबरचा पहिला शनिवार, आणि तोही फाटक उघडायच्या वेळेला. सकाळी दहाला मुलं ताजी असतात, प्राणी भुकेले असतात आणि संडास स्वच्छ असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी नसते, पण बऱ्याच शेतांवर तेव्हा निम्मे खेळ बंद असतात. ते आधी विचारून घ्या.

आपल्याकडे याच दिवसांत नवरात्र, भोंडला, कोजागिरी, दिवाळी, आणि महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी चेटकिणीची टोपी. म्हणून कॅलेंडर उघडून आधी मंडळाच्या तारखा लिहा, मग उरलेल्यातला दिवस निवडा.

दिवस झपाट्याने लहान होतो हेही लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहानंतर मावळणारा सूर्य महिनाअखेर सहाच्या आतच जातो. भारतातून आलेल्या माणसाला याचा अंदाज नसतो.

तिकिटाचा हिशेब

तिकीट शेताच्या वेबसाइटवरच काढा. पुष्कळ ठिकाणी ठरावीक वेळेचं तिकीट असतं आणि शनिवार-रविवारचा दर जास्त असतो. दर बघताना एकच प्रश्न विचारायचा: यात काय काय आलं? काही शेतं प्रवेश फुकट ठेवतात आणि प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावतात, काही एकदाच घेतात आणि भोपळा तेवढा वेगळा. भोपळ्याचे पैसे जवळजवळ सगळीकडे वजनावर. दोन-तीन वर्षांखालच्या मुलांना बहुधा तिकीट नसतं. आजी-आजोबांना मात्र असतं, मग ते बाकावर बसून राहिले तरी. सासऱ्यांना हे अजूनही पटलेलं नाही.

पावसाने रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हेही वाचा. बहुतेकदा दुसरी तारीख मिळते. गावाकडच्या पार्किंगसाठी थोडे रोख डॉलर खिशात असू द्या.

अंगावर काय, गाडीत काय

गमबूट, किंवा चिखलात गेले तरी जीव न तुटणारे बूट. कपडे एकावर एक. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टीशर्टवर यावं लागतं. पँट पूर्ण लांबीची, त्याचं कारण पुढे येईल. आजींना साडीच नेसायची असेल तर सुती, आणि आतून लेगिंग. ट्रॉलीत बसायला जे गठ्ठे असतात ते गव्हाच्या काडाचे असतात आणि पातळ कापडातून टोचतात. कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर पंप गाडीत नाही, खिशात हवा. त्या काडाची धूळ वाईट असते.

गाडीत: मोज्यांचे जादा जोड, चिखलाचे बूट टाकायला मोठी पिशवी, भोपळे गडगडू नयेत म्हणून जुनी चादर, आणि डब्यात थालीपीठ किंवा दशम्या. बऱ्याच शेतांवर बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आम्ही डिकी उघडून पार्किंगमध्येच जेवतो. दरवर्षी शेजारच्या गाडीतलं कुणीतरी वास घेत विचारतं, "कसलं आहे हे?"

आत गेल्यावर

क्रम महत्त्वाचा. आधी ट्रॅक्टरची फेरी, कारण तिचीच रांग सगळ्यात आधी वाढते. मग मक्यातला भुलभुलैया. मग प्राणी आणि हात धुणं. मग खाणं. भोपळा सगळ्यात शेवटी, नाहीतर आठ किलोचं ओझं कडेवर घेऊन दिवसभर हिंडाल. काही ठिकाणी मात्र ट्रॅक्टरच तुम्हाला भोपळ्याच्या रानात नेऊन सोडतो. तिथे परतीच्या फेरीत भोपळा आणून गाडीत ठेवा आणि पुन्हा आत या. हाताला पट्टी बांधलेली असते, परत सोडतात.

ट्रॅक्टरच्या फेरीला 'हेराइड' म्हणतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत काडाचे गठ्ठे, त्यावर माणसं. आपल्यातल्या अनेकांनी उसाच्या किंवा वऱ्हाडाच्या ट्रॉलीतून प्रवास केलेला असतो, त्यामुळे आपण बिनधास्त कडेला पाय सोडून बसतो. इथे तसं चालत नाही. पाय आत, मुलं मांडीवर किंवा मधे, आणि ट्रॅक्टर पूर्ण थांबेपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. फाटकावर एक पाटीही दिसेल, की शेतावरचे नैसर्गिक धोके तुमच्या जबाबदारीवर. अनेक राज्यांत तसा कायदा आहे. पाटी शोभेची समजू नका.

लहान मुलांचा सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो ती गोष्ट जाहिरातीत नसते. लाकडी चौकटीत गुडघाभर मक्याचे दाणे भरून ठेवलेले असतात, वाळूच्या हौदासारखे. मुलं त्यात पोहतात, एकमेकांना पुरतात. चाळीस मिनिटं कुठे गेली कळत नाही. बाहेर काढल्यावर खिसे, मोजे, टोपी सगळं झटका, नाहीतर आठवडाभर वॉशिंग मशीन खुळखुळ्यासारखं वाजतं.

मक्यातला भुलभुलैया

उभ्या मक्यात वाटा कापून केलेला भुलभुलैया ही अमेरिकेतही जुनी परंपरा नाही. आजच्या पद्धतीचा पहिला १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियात ॲनव्हिल गावी, लेबनन व्हॅली कॉलेजजवळ झाला. डॉन फ्रान्ट्झ या नाट्यनिर्मात्याने ॲड्रियन फिशर या इंग्लिश रचनाकाराला घेऊन तो उभा केला. पुढे त्याचं लोण देशभर पसरलं. कॅलिफोर्नियात डिक्सन इथल्या शेतकऱ्याने २०१४ मध्ये साठ एकरांचा करून गिनेसमध्ये नाव नोंदवलं. आपल्या जवळची शेतं एवढी मोठी नाहीत, पण डोक्याच्या वर दोन-तीन फूट मका असला की पाच एकरही भरपूर होतात.

सासरे मूळचे शेतकरी. आत शिरल्या शिरल्या त्यांनी कणीस सोलून पाहिलं, दाण्यावर नख दाबलं आणि म्हणाले, "हा जनावरांचा मका." बरोबर होतं. हा भाजून खायचा गोड मका नसतो, चाऱ्याचा आणि दाण्याचा असतो. म्हणून कणसं तोडायची नाहीत, आणि तोडलीत तर उपयोगही नाही. मग त्यांना दिसलं की ताटं उभी-आडवी दोन्हीकडून पेरलेली आहेत. एवढा दाट मका कुणी का पेरेल, हे त्यांना कळेना. पलीकडची वाट दिसू नये म्हणून! वाटा मका लहान असतानाच कापतात आणि पेरणी मुद्दाम उशिरा करतात, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत पानं अगदीच वाळत नाहीत. आमच्या घरात त्या दिवशी भुलभुलैयाची खरी मजा फक्त त्यांनी घेतली.

आता तुमच्यासाठी. फाटकावर नकाशा किंवा पंच करायचं कार्ड मिळतं. ते मुलांच्या हातात द्या. आत ठरावीक जागी खांब असतात, तिथे कार्ड पंच करायचं. छोटा आणि मोठा असे दोन मार्ग असतील तर पहिल्या वर्षी छोटाच. बाबागाडी न्यायची नाही, चाकं रुततात. आत शिरायच्या आधी संडासला जाऊन या, सगळेच. लहान मुलाच्या मनगटावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा आणि चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ते बोटाने दाखवून ठेवा. फोनच्या रेंजवर विसंबू नका.

हरवायची भीती असेल तर आत शिरतानाच उजवा हात उजवीकडच्या मक्याच्या भिंतीला लावा आणि ती भिंत न सोडता चालत राहा. आत जायची आणि बाहेर यायची वाट दोन्ही कडेला असतील, तर या युक्तीने लांबचा फेरा पडेल पण बाहेर नक्की पडाल. मक्यातून आडवं घुसू नका. पानांच्या कडा कापतात आणि शेतकरी ओरडतो तेही रास्त आहे. आणि बंद व्हायच्या आधी तासभर आत सोडणं थांबवतात, हे धरून चला.

प्राणी

बकऱ्या, कोंबड्या, एखादं थोराड डुक्कर. खाऊ शेतावरच विकत घ्यायचा, घरची पोळी द्यायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना प्राण्यांकडून ई-कोलायसारख्या जंतूंचा धोका जास्त असतो, म्हणून एक गोष्ट कडकपणे पाळा: बाहेर पडल्यावर साबण आणि पाण्याने हात धुवायचे. सॅनिटायझर त्याला पर्याय नाही. दुधाची बाटली, चोखणी, खाण्याचा डबा, काहीही त्या कुंपणाच्या आत न्यायचं नाही.

खाणं

'ॲपल सायडर' म्हटल्यावर दचकू नका. अमेरिकेत साधं सायडर म्हणजे न गाळलेला, गढूळ, दाट सफरचंदाचा रस. दारूची असते ती 'हार्ड सायडर', आणि तिची पाटी वेगळी. रस पाश्चराइज केलेला आहे ना एवढं लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बाटलीवर बघा. सायडर घालून केलेले गरम डोनट ही इथली खरी चीज. साखर-दालचिनीत घोळवलेले, कागदी पिशवीला तेलाचा डाग पडेपर्यंत गरम. त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. अंडं चालत नसेल किंवा नवरात्रात वर्ज्य असेल तर विचारा, आणि तळण कशात आहे तेही विचारा. लाजू नका, इथे हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही.

भोपळा निवडणं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नेमकी हीच गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

पहिल्या वर्षी आम्ही रानातले सगळ्यात मोठे, केशरी, गोल गरगरीत दोन भोपळे उचलले. सासूबाईंनी हॅलोविन झाल्यावर दुसऱ्या भोपळ्याचे घारगे करायला घेतले. भोपळा किसला, गूळ घालून शिजायला ठेवला, आणि पातेल्यात नुसतं पाणी. आटवता आटवता गॅस तासभर चालला. मग मावेल तेवढी कणीक म्हणून घालत गेल्या तर कणीकच मावत राहिली. घारगे वातड झाले आणि भोपळ्याची चव कुठेच नाही. त्यांना वाटलं, आपलाच हात बिघडला.

हात बिघडला नव्हता. तो भोपळा कोरायचा होता. 'हाउडन'सारख्या कोरायच्या जाती पातळ भिंतीच्या, आतून पोकळ आणि रेषाळ असतात. चेहरा कापायला सोपं जावं म्हणून. खायचे भोपळे वेगळे. 'शुगर' किंवा 'पाय' नावाचे लहान, घट्ट गराचे भोपळे भाजीला आणि सूपला ठीक. पण आपल्याला ओळखीचा वाटेल तो फिकट बदामी, चपटा, खोल रेघांचा 'लाँग आयलंड चीज', किंवा मातकट रंगाचा 'फेअरीटेल'. आपला लाल भोपळा बहुतांशी ज्या जातकुळीतला, त्याच जातकुळीतले हे. गर गडद केशरी, कोरडा, गोडसर. मेथीची फोडणी दिली की मंडईतल्या भोपळ्याची आठवण येते. म्हणून एक केशरी मुलांसाठी आणि एक बदामी स्वयंपाकघरासाठी, असे दोन घ्या.

भोपळ्याचं कूळ मुळातलं अमेरिका खंडातलंच. आयरिश लोक त्यांच्या देशात सलगम कोरून आत दिवा लावायचे. इथे स्थलांतर केल्यावर त्यांना हा मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा सापडला. आपल्याकडेही तो इथूनच आला. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाण्याचा कंद धरला तर आपलं उपासाचं निम्मं ताट याच खंडातलं आहे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

निवडताना देठ बघा: कडक आणि हिरवट हवा. साल नखाने दाबून बघा, नख रुतलं तर भोपळा कोवळा आहे, टिकणार नाही. उलटा करून बुडाशी मऊ डाग नाही ना ते बघा, बूड सपाट हवं म्हणजे पायरीवर बसेल. आणि देठाला धरून उचलू नका. देठ मोडतो, आणि मोडल्या जागेतून भोपळा सडायला लागतो. मुलांना मापही शिकवा: जेवढा स्वतःला उचलता येईल तेवढाच घ्यायचा. वजनाचा हिशेब पाउंडात असतो. पाउंडाला ७० सेंट म्हटलं तर २० पाउंडांचा भोपळा १४ डॉलरला पडतो. किराणा दुकानात तोच स्वस्त मिळेल, पण तिथे मका आणि ट्रॅक्टर नाही.

आता एक ताकीद. भोपळ्यांच्या शेजारी टोपल्यांत चट्ट्यापट्ट्यांची, फोडाफोडांची, मुठीएवढी फळं असतात. हिरवी-पिवळी, दिसायला गोंडस. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना ती भाजीची वाटली होती. ती फक्त शोभेची. त्यातली अनेक जहाल कडू असतात आणि तो कडूपणा पोटाला बाधतो; कडू दुधी खाऊन माणसं आजारी पडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, तसलंच हे. टेबलावर मांडा, कढईत घालू नका.

घरी आल्यावर

सगळ्यात आधी आंघोळ आणि अंग तपासणी. हरणांच्या अंगावरची गोचीड इथे लाइम रोग पसरवते, आणि तिच्या मोठ्या वाढलेल्या माद्या ऑक्टोबरात भरपूर फिरतात. गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. पूर्ण पँट म्हणूनच सांगितली होती. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, रॉकेल असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही दिवसांत त्या जागी पसरत जाणारा लाल डाग किंवा ताप दिसला तर डॉक्टर.

भोपळा लगेच कोरू नका. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत वाकतो, आतून काळा पडतो. २८ तारखेच्या आसपास कोरा. वरचं झाकण सुरी तिरकी धरून कापा, म्हणजे ते आत पडत नाही. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. निघालेल्या बिया फेकू नका: धुवून, पंचावर रात्रभर वाळवून, तेल, मीठ, लाल तिखट चोळून ओव्हनमध्ये ३२५ फॅरनहाइटवर वीसेक मिनिटं. मधे एकदा हलवा. सासऱ्यांनी त्यात चाट मसाला घालायला सुरुवात केली आणि आता तेच आमच्या घरचं प्रमाण आहे.

बदामी भोपळा मात्र कापायची घाई नाही. कोरड्या, थंड जागी, पुठ्ठ्यावर, भोपळा भोपळ्याला न टेकता ठेवला तर महिनोन्‌महिने राहतो. आमचा गेल्या वर्षीचा गराजमधल्या फळीवर होता. दिवाळी गेली, पहिला बर्फ पडला, आणि संक्रांतीच्या आठवड्यात सासूबाईंनी फोनवर प्रमाण सांगितलं तेव्हा कापला. या वेळी कणीक मावली तेवढीच मावली.